उसनं ऊन

१

दुपारची जेवणं आटोपली, की यास्ना फोनवर ऊन बघायची.

म्हणजे ऊन बाहेर होतंच. पापोसोच्या त्या किनाऱ्यावर सकाळचं धुकं ओसरलं, की उन्हाखेरीज दुसरं होतं काय? मागे उघडेबोडके डोंगर, पुढे समुद्र, मधे वाळूची एक चिंधी आणि तिच्यावर उभी त्यांची पांढरी मोटरहोम, चाकांवरचं घर. झाड नाही, खांब नाही, शेजारी नाही. सावली म्हणून जी काय होती ती गाडीची, आणि दुपारी तीही गाडीच्या पोटाखाली जाऊन बसायची.

पण तिच्या नवऱ्याने, दानिलोने, गाडीच्या टपावर सोलर पॅनल्स बसवली होती आणि त्यांना एक डबी जोडली होती. किती वीज आली, किती गेली, हे ती डबी फोनवर दाखवायची. दानिलोला तिचं फार कौतुक. डबीला त्याने अँटेनाही लावला होता. "अंतोफागास्तात आईच्या स्वयंपाकघरात बसूनसुद्धा दिसेल," तो म्हणायचा, "मी इथे किती बिअर गार करतोय ते."

बिअरचं निमित्त. हा सगळा खटाटोप फ्रिजसाठी होता आणि फ्रिज होता यास्नासाठी. तिला लहानपणापासून शुगर. इन्सुलिनची पेनं गारव्यात ठेवावी लागत, आणि गाडी तर दुपारी भट्टीसारखी तापायची. फ्रिज बंद पडला तर औषधाचं नुसतं पाणी होणार, आणि त्या पाण्यावर यास्ना फार दिवस काढू शकणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. लग्नात तिच्या सासूबाई, दोन्या नेल्दा, प्रत्येक पाहुण्याला सांगत होत्या, "सून गोड आहे हो. जरा जास्तच." पाहुणे हसत होते. यास्नाही हसली होती. नव्या नवरीला दुसरं काय करता येतं?

तर त्या दुपारी आकडा चढत चढत नेहमीच्या जागी पोचला आणि एकाएकी त्यातला तिसरा हिस्सा गळून पडला. यास्नाने फोन हलवला, जसा काही तो घड्याळाचा काटा होता. आकडा तिथेच. आभाळ निळंशार, एक ढग नाही.

"पक्षी बसला असेल," दानिलो पडल्या पडल्या म्हणाला.

"एवढा मोठा?"

"पेलिकन असेल. नाहीतर तुझ्या माहेरचं कुणी असेल, बघ. चहाची वेळ झालीच आहे."

ती बाहेर जाऊन लांब उभी राहिली आणि टपाकडे बघत राहिली. टपावर काही नव्हतं. मात्र एक गोष्ट तिच्या लक्षात आली. आल्या दिवशी समुद्रपक्षी गाडीच्या टपावर हक्काने बसायचे, घाण करायचे आणि दानिलो त्यांना शिव्या घालायचा. आता ते सगळे दूर ओल्या वाळूवर ओळीने बसले होते. सगळ्यांची तोंडं गाडीकडे होती.

२

टपावर तीन पॅनल्स होती. पहिली दोन दानिलोने आईच्या अंगणात बसवली: टप घासून पुसून, पट्ट्या चिकटवून, सिलिकॉन भरून, वायर झरोक्याशेजारच्या भोकातून आत घेऊन. काम देखणं झालं होतं. हिशेब तेवढा चुकला. पहिल्याच मुक्कामी फ्रिज पहाटे बंद पडला आणि यास्नाने पेनं ओल्या फडक्यात गुंडाळून सकाळ काढली.

तिसरं पॅनल वाटेत मिळालं. मिळालं हा दानिलोचा शब्द.

वाळवंटातून जाणाऱ्या त्या हमरस्त्याच्या कडेला जिथे जिथे माणूस मेलं, तिथे घरच्यांनी त्याच्यासाठी गुडघाभर उंचीचं घर बांधलेलं असतं. अनिमिता म्हणतात त्याला. मेलेल्याच्या जिवाला राहायला जागा. आत फोटो, फुलं, बाटल्यांतून पाणी. येणारेजाणारे ट्रकवाले हॉर्न वाजवून पुढे जातात. अडलानडला थांबतो, काहीतरी मागतो आणि मागितल्याच्या बदल्यात काहीतरी कबूल करतो. रीतच आहे ती. नुसतं मागून कुणी उठत नाही.

ही अनिमिता निळी होती. भोवती उन्हाने पांढऱ्या पडलेल्या बाहुल्या, एक तीनचाकी सायकल, कागदाची भिंगरी. फोटोतला चेहरा उडून गेला होता, नुसती केसांची झालर उरली होती. खाली नाव रंगवलेलं: आयलीन. आणि मागे लोखंडी नळीवर एक चांगलं, जाडजूड सोलर पॅनल, त्याखाली दिवा.

दानिलोने हॉर्न वाजवला नाही. गाडी थांबवली.

"नको," यास्ना म्हणाली.

"का? कुणाच्या घरून थोडंच नेतोय?"

"तिच्या घरून."

"अगं, मेलेल्या पोरीला वीज कशाला लागते? टीव्ही बघते?" त्याने पाने काढले, शिडी काढली आणि मग तिच्याकडे वळून अगदी लाडात विचारलं, "बरं, तू सांग. हिला हवी की तुला हवी? तू म्हणशील तर हात नाही लावत. पण मग औषध नासलं की माझ्या नावाने रडायचं नाही, राणी."

यास्नाने शिडी धरली.

तो वर नळीशी झटत होता, तेव्हा ती त्या निळ्या घराशी वाकली. तिथलं कोरडं पडलेलं पाण्याचं भांडं तिने भरलं. मनाला बरं वाटावं म्हणून, आणि नुसतं घेऊन उठायची रीत नाही म्हणून, ती हळूच म्हणाली, "आयलीन, हे आम्ही उसनं नेतोय. तुला अंधार झाला तर आमच्याकडे ये. तुझा दिवा मी लावीन."

"कुणाशी बोलतेस?" वरून दानिलोने विचारलं.

"कुणाशी नाही."

३

दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा पडला. तीच वेळ, तेवढाच.

यास्ना घाबरट नव्हती. शुगर असलेली पोर आकड्यांच्या संगतीतच वाढते. आकडा का पडला, हे शोधायचं, मग घाबरायचं की नाही ते ठरवायचं. तिन्ही पॅनल्स समांतर जोडलेली होती. एकावर सावली आली की तेवढा तिसरा हिस्सा जायचा, हे दानिलोनेच तिला सांगितलं होतं. म्हणजे एकतर कुठलंतरी पॅनल बिघडलं होतं, नाहीतर कुठल्यातरी पॅनलवर सावली होती. कुठल्या, ते शोधणं सोपं होतं.

तिने घोंगडी घेतली, मागची शिडी चढली आणि फोन दातांत धरून टपावर रांगत गेली. पत्रा गुडघ्यांना चटके देत होता.

आधी झरोक्याजवळचं पॅनल झाकलं. आकडा खाली आला. घोंगडी काढली, आकडा वर गेला. बरोबर.

मग मधलं झाकलं. आकडा खाली. काढली, वर.

मग मागच्या टोकाचं, अनिमितेचं. तिने घोंगडी पसरली आणि आकड्याकडे बघत राहिली. आकडा हलला नाही.

तिने घोंगडी काढली. आकडा हलला नाही.

पुन्हा घातली, पुन्हा काढली. झाकलेलं आणि उघडं पॅनल फोनच्या लेखी एकच होतं. बिघडलंच असेल, तिने मनाशी म्हटलं आणि वायर तपासायला हात पॅनलच्या काचेवर टेकला.

काच गार होती.

डावीउजवीकडे पत्रा तवा झाला होता. मधल्या पॅनलवर तर हात ठेववत नव्हता. पण या काचेवर, मधोमध, बसकण मारून मांडी घालावी एवढा गारवा होता. तिने हात तसाच सरकवला. कडेला आल्यावर ऊन लागलं. पुन्हा आत नेला. गारव्याला कड होती. कड गोलसर होती.

यास्ना मागच्या मागे रांगत शिडीपर्यंत आली. पाठ वळवायचं तिला सुचलं नाही, म्हणण्यापेक्षा तिचं धाडस झालं नाही. खाली पोचल्यावर तिने फोन बघितला. आकडा पूर्ण भरला होता.

आणि मग पुन्हा तेवढाच उतरला.

४

"बिघाड आहे," दानिलो म्हणाला.

"मग काढून टाक ते पॅनल. परत नेऊन देऊ."

"बिघाड आहे म्हणून काढायचं, की भूत आहे म्हणून? एक काहीतरी ठरव."

त्याने जाऊन बघितलं, तेव्हा अर्थातच सगळं ठीक होतं. अनिमितेचं पॅनल पूर्ण वीज देत होतं. आता मधलं देत नव्हतं. दानिलोने मधल्याच्या वायरी खेचून बघितल्या, शिवी हासडली आणि खाली येऊन संध्याकाळभर पॅनलवाल्या दुकानदाराच्या आईचा उद्धार केला.

यास्ना मनात मोजत होती. मागचं, मग मधलं. पुढचं पॅनल झरोक्याला लागून होतं आणि झरोक्याखाली त्यांचा पलंग होता.

झरोका दुधी प्लॅस्टिकचा होता. भर दुपारी त्यातून उन्हाचा चौकोन पलंगावर पडायचा आणि दानिलो त्या चौकोनात पाय सोडून झोपायचा. नंतरच्या दुपारी यास्ना त्याच्या शेजारी जागी पडून होती. फोन छातीवर होता, पण ती तिकडे बघत नव्हती. ती दानिलोच्या पायांवरचा चौकोन बघत होती.

चौकोनाचा एक कोपरा कुरतडल्यासारखा झाला. मग थोडा आणखी.

तिने नजर वर नेली. दुधी प्लॅस्टिकच्या पलीकडे दोन गोल टेकले होते, लहान, एकमेकांशेजारी. गुडघे. मग त्यांच्यापुढे आणखी एक गोल हळूहळू टेकला, मोठा, आणि त्याच्या कडेने केसांची झालर पसरली.

"दानिलो," ती कुजबुजली. "वर बघ."

"उं?"

"वर बघ ना."

"तू बघतेयस ना? मग झालं तर," तो म्हणाला, आणि कूस बदलून घोरायला लागला.

५

त्याच्या दुसऱ्या दिवशी आकडा पडला नाही.

यास्ना दुपारभर फोन घेऊन बसली. तिन्ही पॅनल्स भरभरून वीज देत होती. समुद्रपक्षी परत टपावर आले होते, त्यांच्या पायांची खडखड ऐकू येत होती. तिला एवढं हलकं वाटलं, की तिने पावावर मॅश केलेला अव्होकॅडो जाडसर पसरला आणि दानिलोला हाक मारली. टपावर आता कुणी नाही!

पाव तोंडात होता आणि तिचं चावणं थांबलं.

टपावर कुणी नाही. मग कुठे आहे?

तिने फोनवर दुसरा आकडा बघितला, जाणाऱ्या विजेचा. फ्रिजखेरीज काहीतरी चालू होतं. पलंगाच्या डोक्याशी दोन छोटे दिवे होते, एक तिच्या बाजूचा, एक त्याच्या. तिच्या बाजूचा दिवा लागलेला होता. उन्हात तो जेमतेम दिसत होता.

तिने बटण दाबलं. दिवा विझला. ती वळली. मागे टक् असा आवाज झाला आणि दिवा लागला.

पुन्हा बटण दाबायला तिने बोट नेलं, तर बटणावर आधीच काहीतरी होतं. दिसलं काही नाही. पॅनलच्या काचेचा तोच गारवा, बोटाच्या पेराएवढा. तिने हात मागे घेतला आणि त्यानंतर त्या दिव्याला हात लावला नाही.

आणि तो दिवा वीज पीत होता. एवढासा दिवा, काजव्याएवढा, पण पहाटेपर्यंत बॅटरी कोरडी व्हायची आणि फ्रिज कुरकुरून बंद पडायचा. दिवा मात्र लागलेलाच. दानिलो बॅटरीवाल्यालाही शिव्या देऊन मोकळा झाला. "दिव्याला एवढी वीज लागतच नाही," तो म्हणायचा, जसं काही असं म्हटल्याने दिव्याला लाज वाटणार होती.

दूध नासलं. मग यास्नाने पेन उजेडात धरून बघितलं. पाण्यासारखं स्वच्छ असायला हवं ते औषध गढूळ झालं होतं, आत धागे तरंगत होते. तिने ते तरीही टोचून घेतलं. शुगर उतरली नाही. जीभ लाकडासारखी झाली, डोळ्यांपुढे माशा उडायला लागल्या.

"आई म्हणतच होती, रोज दालचिनीचं पाणी पी म्हणून," दानिलो म्हणाला. "ऐकायचं नाही कुणाचं."

उजाडता उजाडता तिला तहानेने जाग आली. बाहेर धुकं होतं, गाडीत राखाडी उजेड. दिव्याचा प्रकाश मात्र आज पांढरा नव्हता. तो लाल होता, मऊ लाल, आणि त्यात काळपट उभ्या रेघा होत्या. लहानपणी टॉर्चच्या तोंडावर पंजा धरून आपली बोटं आतून पेटलेली बघायचा खेळ ती खेळायची. ते तिला आठवलं, आणि आठवल्यावर कळलं.

ती हलली नाही. लाल प्रकाश थोडा वेळ तसाच राहिला. मग एकेक रेघ उचलली गेली आणि दिवा पांढरा झाला.

६

परत जायला दानिलो तयार झाला, तो भुतासाठी नव्हे. यास्नाला उभं राहवत नव्हतं, आणि तिची औषधं अंतोफागास्ताच्या दवाखान्यातच मिळायची. "हनिमूनला सगळेच जातात," तो गाडी चालवताना म्हणाला. "अॅम्ब्युलन्स घेऊन मीच आलो."

"वाटेत थांबायचं. पॅनल परत लावायचं."

"लावू, बाई, लावू. बिघडलेलंच आहे."

निळं घर तिथे नव्हतं. विटांचा ढिगारा होता आणि ढिगाऱ्यापाशी एक म्हातारी शांतपणे बाहुल्या पोत्यात भरत होती. बाजूला तिची सुटकेस उभी होती. अंगात चांगला कोट, ओठांना लाली. एवढ्या उन्हात डाव्या हातात लोकरी मोजा.

दानिलोने लांबूनच हात केला. "मावशी, तुमचं एक सामान वाऱ्याने उडून आमच्या टपावर येऊन बसलं होतं!"

म्हातारी हसली. यास्नाला वाटलं होतं की ती ओरडेल, शाप देईल, दगड मारील. त्याची तिने तयारीही केली होती.

"राहू दे रे बाबा," म्हातारी म्हणाली. "तुम्हालाच लागेल."

"बघ!" दानिलो यास्नाला म्हणाला. "उगाच जीव खालीवर." आणि तो टायरवर लाथा मारून हवा बघायला निघून गेला.

यास्ना जवळ गेली. "तुम्ही आयलीनच्या आई?"

"ब्रिखिदा. हो." तिने पोत्याचं तोंड बांधलं. "इथे गाडी उलटली आमची. मी बेशुद्ध होते. ती नव्हती. सकाळपर्यंत जिवंत होती, असं डॉक्टर म्हणाले. अंधारात." हे ती बसची वेळ सांगावी तसं सांगत होती. "तेव्हापासून मी तो दिवा सांभाळतेय. कुठे जाता येत नव्हतं. बहीण ला सेरेना गावी बोलावते, बागबिग आहे तिच्याकडे. जाणार कशी? आता जाते. ती इथे नाही ना आता. मला कळतं."

"आम्ही परत आणलंय तिला," यास्ना म्हणाली. "पॅनल घ्या. मी पाया पडते तुमच्या."

"पॅनलचं काय घेऊन बसलीस? पॅनल चारदा चोरीला गेलंय, बॅटऱ्या गेल्या. ती कुणाबरोबर गेली नाही." म्हातारीने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत, हातातल्या नव्या अंगठीपर्यंत. "चोराबरोबर नाही जात ती. तिच्याशी कुणीतरी बोललं असणार. काहीतरी कबूल केलं असणार."

यास्नाने मान खाली घातली.

"गुणाची आहेस," ब्रिखिदा म्हणाली आणि तिच्या गालाला हात लावला. मोज्याचा नव्हे, दुसरा. "दिवा तेवढा विझवू नकोस. मी एकदा विझवला होता." तिने मोजा मनगटापर्यंत ओढून घेतला. मोज्यातली दोन बोटं रिकामी लोंबत होती.

मग एक ट्रक आला, तिने हात केला, आणि ती सुटकेस घेऊन पोरीसारखी उडी मारून चढली. ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला नाही. वाजवण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं.

७

अंतोफागास्ताच्या अलीकडे दानिलो पंपावर थांबला. यास्ना पुढच्या सीटवर होती. आरशात मागचा पलंग दिसत होता आणि तिच्या उशीवर लागलेला दिवा.

तिचं डोकं जड झालं होतं, तरी त्यात एकच विचार एखाद्या खिळ्यासारखा ताठ उभा होता. दिवा किंवा फ्रिज. त्या दिव्यापुढे कुठलाच फ्रिज टिकणार नव्हता, ना गाडीतला, ना घरातला. आणि दिवा तिच्या उशीशी होता.

"दानिलो, रागावणार नसशील तर एक सांगू?"

"पेट्रोलचा पाईप गाडीत आहे. लवकर सांग."

"ते पॅनल काढलंस तेव्हा मी त्या मुलीला म्हटलं होतं, की तुझा दिवा मी लावीन. तेव्हापासून माझ्या मनात भीती बसलीय. तू एकदा तसं म्हण ना. तू म्हटलंस की मला हसू येईल आणि सगळं जाईल."

यास्ना त्याला ओळखत होती. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, पण एवढं कळायला तेवढे पुरतात. तमाशा करायची संधी हा माणूस सोडत नाही.

त्याने पाईप जागेवर अडकवला, खिडकीत आला, एक हात छातीवर ठेवला, दुसरा आशीर्वादासारखा उंच केला आणि चर्चमधल्या पाद्र्याचा सूर लावला. "हे निष्पाप बालिके..."

"नाव घे," यास्ना म्हणाली.

"हे आयलीन! माझी बायको भित्री आहे, तिच्याकडे राहू नकोस. ये, या दानिलोकाकाकडे ये. तुझा दिवा मी लावीन. जन्मभर लावीन! आमेन."

मागे टक् झालं.

आरशात तिच्या उशीवर काळोख होता. दिवा त्याच्या बाजूचा लागला होता.

"आलं हसू?" दानिलोने विचारलं. त्याची पाठ पलंगाकडे नव्हती, पण तो आपल्याच विनोदावर खूश होता; बघतोय कशाला?

"आलं," यास्ना म्हणाली, आणि खरोखरच हसली. लग्न झाल्यापासून एवढं मोठ्याने ती हसली नव्हती. पंपावरचा माणूससुद्धा वळून बघायला लागला.

आईच्या दारात त्याने तिला उतरवलं. त्याची सुट्टी उरली होती, पापोसोला मासे गळाला लागत होते. ती औषध घेऊन, जरा बरी होऊन बसने येणार असं ठरलं.

"फ्रिज रिकामाच आहे आता," ती म्हणाली. "बिअर भर."

"आता कशी शहाण्यासारखी बोललीस." त्याने खिडकीतून तिचा गालगुच्चा घेतला.

आणखी एक वाक्य सांगायचं राहिलं होतं, म्हातारीचं. ते जिभेवर आलंही. यास्ना फुटपाथवर उभी राहून हात हलवत राहिली, आणि गाडी कोपऱ्यावरून वळली.

८

नवं औषध अंगी लागलं. यास्नाचे आकडे जागेवर आले, जिभेला चव आली. ती सासूबाईंच्या स्वयंपाकघरात बसून फोनवर पापोसोचं ऊन बघत होती.

तिन्ही पॅनल्स भरभरून वीज देत होती. फ्रिज चालू होता. आणि त्याखाली तो ओळखीचा आकडा, दिव्याचा.

तो आकडा गेला. लगेच परत आला. गेला, आला. गेला, आला. तिला दिसत होता तो: पलंगावर गुडघ्यावर बसून बटण दाबणारा, शिवी घालणारा. मग त्याचाच निरोप आला, त्याच्या आवाजात.

"अगं, हा दिवा डोकं फिरवतोय माझं. बंद केला की लागतो. फ्यूजच काढून टाकला शेवटी, आण आता कुठून वीज आणतोस ती! पडदे ओढून घेतलेत, झरोक्यावर घोंगडी टाकलीय. भर दुपारी काळोख गुडुप करून टाकलाय बघ. आता मस्त ताणून देतो."

दिव्याचा आकडा शून्य होता. शून्यच राहिला.

मग पॅनल्सचा आकडा उतरायला लागला. तिसरा हिस्सा गळाला. दुसरा. शेवटचा. पापोसोवर भर दुपार होती आणि टपावर संध्याकाळ झाली होती. हातात फोन वाजायला लागला, स्क्रीनवर दानिलोचा हसरा फोटो. तो बराच वेळ वाजला. मग थांबला. पुन्हा वाजला, थोडाच, आणि मधेच तुटला.

तिने फोन टेबलावर ठेवला. सासूबाईंनी चहा ओतला, पाव पुढे सरकवला, साखरेचा डबा मात्र सवयीने स्वतःकडे ओढून घेतला.

"दानिलोचा होता ना? उचलायचा की."

यास्नाने स्क्रीनकडे बघितलं. ऊन परत आलं होतं, तिन्ही पॅनल्सवर, पूर्ण. फ्रिज बंद होता. चालू होती ती एकच गोष्ट, फ्यूज काढलेली.

"झोपलाय," ती म्हणाली. "दिवा चालू आहे."